अर्ध्या तासात मान टाकणारा गाडीचा एसी: तापमान सेन्सर तपासायचा कसा, बदलायचा कसा

आधी लक्षणं

सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार अशी: "सुरुवातीला मस्त गार होतं, मग वाराच येईनासा होतो." ब्लोअरचा आवाज तसाच असतो, पण जाळीतून येणारी हवा हळूहळू कमी होत अर्ध्या-पाऊण तासात नावापुरती उरते. एसी बंद करून गाडी थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सगळं ठीक होतं आणि गाडीखाली नेहमीपेक्षा मोठं पाण्याचं थारोळं साचतं. दमट हवेत हे लवकर होतं, कोरड्या हवेत कधी कधी होतच नाही.

दुसरी तक्रार बरोबर उलटी. बटण दाबलं, दिवा लागला, ब्लोअर फिरतोय, पण कंप्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) लागतच नाही. किंवा लागतो आणि काही सेकंदांत सुटतो.

तिसरी ऑटोमॅटिक एसीवाल्यांची. २४ अंश लावले तरी कधी हुडहुडी भरते, कधी घाम फुटतो. ब्लोअर मनाला येईल तसा वर-खाली होतो. आणि चौथी: मीटरवर बाहेरचं तापमान भर उन्हात उणे ४० दिसतं, किंवा आकड्याच्या जागी नुसत्या रेघा.

"एसीचा सेन्सर गेलाय" हे वाक्य या चारही तक्रारींना चिकटवलं जातं. खरं तर यांच्यामागे तीन वेगवेगळे सेन्सर असू शकतात, आणि कधी एकही नसतो. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत सेन्सर स्वतः मेलेला कमी वेळा सापडला. जागेवरून निसटलेला किंवा कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) गंज धरलेला जास्त वेळा. नवा सेन्सर टाकल्यावरही काही दिवसांत तीच तक्रार परत का येते, याचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं.

कोणता सेन्सर काय करतो

पहिला कूलिंग कॉइलचा. ही कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, तिच्या पातळ पत्र्यांमध्ये एक बारीक सळईसारखा सेन्सर खोचलेला असतो. हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन जमते. कॉइल शून्याखाली गेली की त्याच पाण्याचा बर्फ होतो, पत्र्यांमधल्या फटी बुजतात आणि हवा अडते. म्हणून कॉइल साधारण १ ते ४ अंशांच्या आसपास आली की कंट्रोलर (एसीचा छोटा संगणक) कंप्रेसर सोडतो आणि तापमान थोडं वर गेलं की परत लावतो. क्लच (कंप्रेसरला पुलीशी जोडणारा-सोडणारा भाग) नसलेल्या, कमी-जास्त क्षमतेवर चालणाऱ्या कंप्रेसरमध्ये तो सुटत नाही, फक्त कामाचा जोर कमी करतो. जुन्या गाड्यांत सेन्सरऐवजी बारीक नळी असलेला यांत्रिक थर्मोस्टॅट असतो, तत्त्व तेच.

दुसरा बाहेरच्या हवेचा, पुढच्या बंपरमागे, कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) पुढ्यात. तिसरा केबिनचा, डॅशबोर्डवरच्या छोट्या जाळीमागे. तो फक्त ऑटोमॅटिक एसीत असतो.

तिघंही बहुतेक गाड्यांत एकाच जातीचे थर्मिस्टर असतात: गार झाले की रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो, गरम झाले की घटतो. याचा अर्थ असा की वायर तुटली तर कंट्रोलरला रेझिस्टन्स अमर्याद दिसतो आणि तो समजतो, प्रचंड थंडी आहे. मीटरवर उणे ४० दिसतं ते यामुळे. दोन वायर एकमेकींना चिकटल्या तर उलट, प्रचंड उष्णता. एवढं पक्कं लक्षात ठेवलं की तक्रार ऐकतानाच अंदाज बांधता येतो. कंप्रेसर लागतच नसेल तर सर्किट तुटलेलं असण्याची शक्यता जास्त. कंप्रेसर थांबतच नसेल तर शॉर्ट, किंवा सेन्सर कॉइलपासून सुटून कोमट हवेत लोंबकळतोय. नव्या गाड्यांत कंट्रोलरला आकडा अशक्य वाटला तर तो कुठल्याही बाजूचा असो, कंप्रेसरच बंद ठेवतात, हेही ध्यानात असू द्या.

फुकटातल्या तपासण्या

केबिन फिल्टर काढा. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो, हाताने निघतो. धुळीने भरलेल्या फिल्टरमुळे कॉइलवरून हवा कमी वाहते, कॉइलला उष्णता कमी मिळते आणि ती गोठते. लक्षण हुबेहूब सेन्सर बिघडल्यासारखंच. फिल्टर बाहेर ठेवून एक फेरी मारा. तक्रार गेली तर नवा फिल्टर घाला आणि पुढचं वाचायची गरज नाही.

मग इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा, हात-कपडे पट्ट्यांपासून लांब. कुणाला तरी आतून एसीचं बटण चालू-बंद करायला सांगा. क्लचवाल्या कंप्रेसरचा 'टक्' असा आवाज येतो आणि पुलीचा पुढचा चकतीसारखा भाग फिरायला लागतो. बटण बंद केल्यावर तो थांबला पाहिजे. बंद करूनही फिरत राहिला तर दोष सेन्सरचा नव्हेच. रिलेचे (क्लचला वीज देणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटलेत किंवा क्लच सुटत नाही. अशा गाडीची कॉइलही गोठतेच, आणि तिच्यात सेन्सरमागून सेन्सर बदलले जातात. रिले फ्यूजच्या पेटीतल्या त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहता येतो. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज बघा. क्लच नसलेल्या कंप्रेसरला ही परीक्षा लागू नाही, त्याची पुली कायम फिरतच असते.

त्याच वेळी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का पाहून घ्या. गाडी पळताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, अशी तक्रार असेल तर बहुधा पंख्याचं काम आहे.

बर्फच धरतोय याची खात्री

हवा कमी झाली की एसीचं बटण बंद करा, ब्लोअर मात्र पूर्ण वेगात चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत हवा पूर्ववत झाली तर कॉइल गोठत होती हे नक्की. नाही झाली तर ब्लोअर, त्याची मोटर किंवा आतली झडप बघायला हवी, सेन्सरकडे जाऊ नका.

मधल्या जाळीत साधा स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेतला थर्मामीटर खोचून ठेवा. धडधाकट एसीत आतली हवा फिरवण्याच्या बटणावर ५ ते १० अंशांच्या दरम्यानचा आकडा दिसतो आणि तो तिथेच थोडा मागेपुढे होत राहतो. तो सरळ खाली घसरत शून्याकडे चालला आणि पाठोपाठ हवा मंदावली, तर कंप्रेसर वेळेवर थांबत नाहीये.

बाहेरचा आणि केबिनचा सेन्सर

हे दोन हाताशी असतात म्हणून कॉइलच्या आधी उरकून घ्यायचे. बंपरला लागलेला छोटासा धक्काही बाहेरच्या सेन्सरची क्लिप मोडायला पुरतो. तो लोंबकळत रेडिएटरकडे सरकला की इंजिनची उष्णता मोजायला लागतो. त्याची वायर तुटली तर गंमत होते. बऱ्याच गाड्या बाहेर कडाक्याची थंडी असेल तर कंप्रेसर लावतच नाहीत, आणि उणे ४० चा आकडा बघून कंट्रोलर उन्हाळ्यातही तेच करतो. कॉइलचा सेन्सर बदलून झाला, गॅस भरून झाला, तरी कंप्रेसर का लागत नाही, याचा शोध कितीदा तरी बंपरमागच्या या छोट्या कपलरपाशी संपतो.

एक सावधगिरी. तापलेल्या इंजिनासह गाडी थोडा वेळ उभी राहिली की हा आकडा चढतो, आणि गाडी काही अंतर वेगात चालेपर्यंत पुष्कळ मॉडेल तो मुद्दाम सावकाश बदलतात. उभ्या गाडीत दिसणाऱ्या आकड्यावर निकाल देऊ नका.

केबिनच्या सेन्सरला आतली हवा मिळावी म्हणून त्याच्या जाळीतून एक बारीक नळी किंवा इवलासा पंखा हवा ओढत असतो. ब्लोअर जोरात लावून टिश्यू पेपरचा तुकडा जाळीवर धरा. तो हलकेच चिकटला पाहिजे. नाही चिकटला तर जाळी धुळीने बुजली आहे किंवा मागची नळी निघाली आहे. ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ करा. सेन्सर बदलायचं काम क्वचितच पडतं.

गाडीलाच विचारा

बऱ्याच ऑटोमॅटिक एसींत स्वतःची तपासणी असते. टोयोटाच्या पुष्कळ जुन्या मॉडेलमध्ये ऑटो आणि आतली हवा फिरवण्याचं बटण एकत्र दाबून ठेवून इग्निशन चालू केलं की पडद्यावर कोड येतात: ११ म्हणजे केबिनचा सेन्सर, १२ बाहेरचा, १३ कॉइलचा. २१ म्हणजे उन्हाचा सेन्सर, पण हा कोड छपराखाली किंवा अंधारात तपासणी केली तरी येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. इतर कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या, त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतात.

स्वस्तातला स्कॅनर (गाडीतले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो, एसीचे कोड वेगळ्या कंट्रोलरमध्ये असतात. "स्कॅनर लावला, काही दाखवत नाही" याला म्हणून फारसा अर्थ नसतो. कॉइलचं चालू तापमान दाखवणारा स्कॅनर मिळाला तर पुढचं काम निम्मं होतं. गाडी रात्रभर सावलीत उभी होती, इग्निशन नुकतंच चालू केलंय, इंजिन अजून बंद आहे, अशा वेळी कॉइल, केबिन आणि बाहेरचा, तिघांचे आकडे एकमेकांच्या दोन-तीन अंशांत असायला हवेत. जो एकटाच फटकून असेल तो संशयित.

मल्टिमीटर आणि बर्फाचा ग्लास

आता कॉइलच्या सेन्सरचा कपलर शोधा. ग्लोव्ह बॉक्स उतरवल्यावर किंवा पायाशी वाकून टॉर्च मारल्यावर एसीच्या काळ्या प्लॅस्टिक खोक्यात शिरणारी बारीक दोन तारांची वायर दिसते. इग्निशन बंद करून कपलर सोडा आणि पिना नीट बघा. हिरवट-पांढरा थर हाच अनेक वेळा खरा गुन्हेगार असतो. कॉइलवरचं पाणी वायरवरून ओघळत कपलरमध्ये उतरतं आणि तिथे गंज धरतो. गंजामुळे सर्किटमध्ये जादा रेझिस्टन्स येतो, कंट्रोलरला कॉइल आहे त्यापेक्षा गार वाटते आणि कंप्रेसर लवकर सुटतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना साफ करून, वाळवून, पुन्हा जोडून पाहा. इथे थांबलेल्या तक्रारींची संख्या लहान नाही.

पिना स्वच्छ असतील तर सेन्सरच्या बाजूने मल्टिमीटरने (व्होल्टेज आणि रेझिस्टन्स मोजणाऱ्या यंत्राने) रेझिस्टन्स मोजा. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, कुठे २५ अंशांना दोन-तीन किलोओहम, कुठे दहा, म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा प्रमाण मानू नका. मॅन्युअल नसेल तरी वागणूक तपासता येते. मोजत असतानाच वायर हलकेच हलवा. आकडा उड्या मारायला लागला तर वायर आतून तुटलेली आहे.

सेन्सर बाहेर काढता आला तर त्याची खरी परीक्षा बर्फात. ग्लासात बर्फाचा चुरा जास्त आणि पाणी कमी घ्या, ढवळत राहा. हे मिश्रण ० अंशाला स्थिर राहतं, याहून भरवशाचं मोजमाप घरी मिळत नाही. सेन्सरचं टोक दोन-तीन मिनिटं बुडवा, कपलर कोरडा ठेवा. २५ अंशांच्या खोलीत मिळालेल्या आकड्याच्या साधारण अडीच ते साडेतीन पट आकडा बर्फात मिळाला पाहिजे. मग टोक बोटांत धरून गरम होऊ द्या. आकडा सलग, न अडखळता उतरला पाहिजे. मध्येच अडकला, उसळला किंवा बर्फातही जेमतेम हलला तर सेन्सर गेला.

सेन्सर ठीक निघाला तर उरते ती वायर आणि कंट्रोलर. कपलर सोडलेलाच ठेवून इग्निशन चालू करा आणि गाडीच्या बाजूच्या दोन पिनांत व्होल्टेज मोजा. बहुतेक गाड्यांत ५ व्होल्टच्या जवळपास मिळतात. स्कॅनर असेल तर त्यावर आता टोकाची थंडी दिसेल. त्याच दोन पिना छोट्या तारेने जोडल्या की टोकाची उष्णता दिसली पाहिजे. दोन्ही दिसलं तर वायर आणि कंट्रोलर दोघंही निर्दोष. ही जोडाजोडी दोन तारांच्या तापमान सेन्सरवरच करायची. तीन तारांच्या गॅस प्रेशर सेन्सरवर चुकूनही नाही, तिथे कंट्रोलरचा पुरवठाच शॉर्ट होऊ शकतो. टेस्ट लॅम्पही (वीज येते का हे बल्बने बघायचं साधन) इथे वापरायचा नाही.

सेन्सर बदलताना

नवा सेन्सर आणला की आधी जुन्याशेजारी त्यालाही बर्फात बुडवा. सारखाच कपलर असलेला पण वेगळ्या रेझिस्टन्सचा सेन्सर सहज बसतो, आणि मग कंप्रेसर भलत्याच तापमानाला सुटतो. पार्ट नंबर जुळवा, नुसता आकार नको.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेली काही मिनिटं जाऊ द्या. ग्लोव्ह बॉक्सच्या आसपास एअरबॅगच्या वायरी असतात, बहुधा पिवळ्या कपलरच्या. त्यांना हात लावायचा नाही. कॉइल गोठलेली असेल तर वितळू द्या, नाहीतर बर्फात रुतलेला सेन्सर ओढताना पत्रे फाटतात. बहुतेक गाड्यांत हा सेन्सर गॅसच्या वाटेत नसतो, बाहेरून पत्र्यांत खोचलेला असतो, त्यामुळे गॅस काढावा लागत नाही. काही गाड्यांत खोक्याच्या बाजूने थोडा फिरवून सरळ बाहेर येतो, काहींत प्लॅस्टिकच्या चिमट्यात अडकवलेला असतो.

काढण्याआधी फोटो घ्या आणि सेन्सर किती आत गेला होता तिथे टेपने खूण करा. ही खूण सेन्सरइतकीच महत्त्वाची आहे. गाडी बनवणाऱ्याने कॉइलवरचा तो बिंदू विचार करून निवडलेला असतो, कारण कॉइल सगळीकडे सारखी गार नसते. कमी गार कोपऱ्यात खोचलेला उत्तम सेन्सरही कंप्रेसरला उशिरा थांबवतो, आणि तोवर दुसऱ्या कोपऱ्यात बर्फ धरलेला असतो. जुनं भोक सैल झालं असेल तर अगदी लगतच्या पत्र्यांत, त्याच खोलीवर बसवा. दोन चपट्या नळ्यांच्या मधल्या पत्र्यांतच शिरवायचा, हाताच्या जोराने. अडलं तर काढून पुन्हा नेम धरा. स्क्रू ड्रायव्हरने जागा करायला गेलात तर ॲल्युमिनियमच्या नळीला भोक पडतं, मग कॉइलच बदला.

वायर खोक्यातून बाहेर पडते तिथलं रबर किंवा फोम परत बसवा, नाहीतर बाहेरची हवा सेन्सरवर येत राहते. कपलरच्या आधी वायरला खाली लोंबणारा छोटा झोल द्या म्हणजे ओघळलेलं पाणी तिथून ठिबकेल, कपलरमध्ये शिरणार नाही. कपलर 'कट्' आवाजासह बसला पाहिजे.

एक जुगाड आवर्जून टाळा: सेन्सरच्या जागी ठरावीक किमतीचा रेझिस्टर जोडून कंप्रेसर "चालू करून देणं". कंप्रेसर चालू होतो खरा, पण त्याला थांबवणारं कुणी उरत नाही. कॉइल गोठते, न उकळलेला द्रव गॅस कंप्रेसरकडे परततो, आणि द्रव दाबण्यासाठी कंप्रेसर बनलेला नसतो.

झालं की तपासणी मोकळ्या हवेत गाडी उभी करून. एसी पूर्ण थंडीवर, आतली हवा फिरवण्यावर आणि ब्लोअर सगळ्यात कमी वेगावर. कमी हवेत कॉइल सर्वांत लवकर गोठते, म्हणून कठीण परीक्षा हीच. पाऊण तास थर्मामीटरवर लक्ष ठेवा, क्लच सुटण्या-लागण्याचा आवाज ऐका. शेवटी ब्लोअर पूर्ण वेगात लावा. हवा सुरुवातीइतकीच जोरात आली तर काम झालं.

इथे थांबा, माहीतगाराला बोलवा

सेन्सर, कपलर आणि जागा तिन्ही ठीक असूनही कॉइल गोठत असेल तर बहुधा गॅस कमी आहे किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये बेताने गॅस सोडणारी झडप) बिघडलाय. दोन्ही कामं एसीवाल्याची. घरी गेज लावून बंद गाडीत दाब बरोबर दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असं नसतं. आर-१३४ए गॅसचा दाब २५ अंशांना ५.६ बारच्या आसपास असतो, आणि आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी तो तेवढाच राहतो, गॅस निम्मा असो की पूर्ण. नेमकं प्रमाण गॅस काढून, वजन करून, परत भरल्यावरच कळतं. हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो, त्वचेवर किंवा डोळ्यात उडाला तर गोठवून जखम करतो. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ पेटूही शकतो. गॅसची कुठलीही जोडणी स्वतः सैल करू नका.

सेन्सरपर्यंत पोचायला पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागत असेल, तर तेही घरचं काम नव्हे. जाडजूड नारिंगी वायरी दिसल्या की गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक आहे. तिथे कंप्रेसरच उच्च व्होल्टेजवर चालतो आणि पुष्कळ मॉडेलमध्ये तोच बॅटरीही गार ठेवतो. केबिन फिल्टरच्या पुढे जाऊच नका. पिना जोडूनही स्कॅनरवरचा आकडा हलला नाही, किंवा ५ व्होल्ट मिळालेच नाहीत, तर ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.

त्याच्याकडे जाताना तुमचे आकडे लिहून न्या: हवा किती वेळाने मंदावते, जाळीतलं तापमान किती खाली जातं, खोलीत आणि बर्फात सेन्सरने किती ओहम दाखवले. सेन्सर त्याने बदलला तर जुना मागून घ्या आणि घरी बर्फात बुडवून बघा. तो ठणठणीत निघाला तर लगेच त्याला कळवा, कारण मूळ दोष अजून गाडीतच असू शकतो.